भुतं परवडली

रत्नागिरीजवळच्या आमच्या पावसमध्ये भुताची गोष्ट वाचून कोणी घाबरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पावसचे लोक भुताला भीतच नाहीत, असा याचा अर्थ काढू नये. भितात, चांगले भितात. पण वेळच्या वेळी आणि जागच्या जागी. अमावास्येला दिवेलागणीनंतर नदीच्या अमक्या वळणाकडे फिरकायचं नाही, टळटळीत दुपारी तमक्या पिंपळाखालून जायचं नाही, जावंच लागलं तर मागून कोणी हाक मारली तरी वळून बघायचं नाही. एवढं पाळलं की भूत त्याच्या जागी आणि आपण आपल्या. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून येणारी गाडी एखादवेळ चुकेल, पिंपळावरचा मुंजा मात्र बाराच्या ठोक्याला हजर. ज्याच्याशी असा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार, त्याच्याबद्दल पुस्तकात वाचून दचकायचं कशाला?

शिवाय या शेजाऱ्यांची सरकारी नोंद झालेली आहे. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याला लोकांच्या समजुती गोळा करायची हौस होती. हाच तो नाशिकचा कलेक्टर. ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आला असताना २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याने जमवलेलं बाड पुढे आर. ई. एन्थोवेन या दुसऱ्या साहेबाने लावलं आणि १९१५ साली त्यातला कोकणचा खंड छापून निघाला. साहेबलोक काही रात्रीअपरात्री पिंपळाखाली जाऊन बसले नव्हते. त्यांनी प्रश्नावली काढली आणि गावोगावच्या शाळामास्तरांकडे धाडून दिली. आजचे गुरुजी जनगणना करतात, मतदारयाद्या तपासतात, खिचडीचे तांदूळ मोजतात. त्यांच्या आधीच्या गुरुजींनी भुतं मोजली. खात्याचा खाक्या जुनाच आहे.

आणि मोजली तीही अगदी रकाने पाडून. वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग हे पुरुषवर्गात. जखीण, लावसट, हडळ या स्त्रीवर्गात. नवरा मागे ठेवून गेलेली ती जखीण, विधवा गेलेली ती लावसट, बाळंतपणात गेली ती हडळ. म्हणजे मेल्यावरही बाईची नोंद नवऱ्यावरूनच. मुंजाचा पत्ता पिंपळ, गिऱ्ह्याचा पत्ता पाणी. एवढं नीट दप्तरात बसवल्यावर भुतात भिण्याजोगं काय उरतं? यातला समंध तेवढा लक्षात ठेवा. मागे वारस नाही आणि इस्टेटीतून जीव निघत नाही, असा तो गृहस्थ. त्याच्याशी पुढे गाठ आहे.

तरी माझ्या लहानपणी घाबरायचं असलं की नारायण धारप वाचायचे, असा रिवाज होता. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, म्हणजे या जिल्ह्यात आगगाडीच्या आधी दीडशेहून जास्त वर्षं वाचनाची सोय झालेली. एकाने पुस्तक आणायचं आणि आख्ख्या वाडीने ते वाचायचं. पुस्तक हातात पडेपर्यंत समासात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने शेरे मारलेले असायचे. ‘सांभाळा’, ‘पुढे भयंकर आहे’, ‘एकटे असाल तर वाचू नये’. एकाने तर ‘भूत पान १४२ वर येते’ असं लिहून ठेवलं होतं. त्यामुळे १४१ पानं निर्धास्त वाचता आली आणि १४२ वं न वाचताच सोडता आलं.

धारपांचं कसब असं, की त्यांच्या गोष्टीतलं अमंगळ कुठल्या दूरच्या किल्ल्यात राहत नाही. चारचौघांसारखं घर, चारचौघांसारखं कुटुंब, चहा झालाय, पेपर वाचून झालाय, आणि मग जिन्याखाली काहीतरी हलतं. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘४४० चंदनवाडी’. पुस्तकाला असा घरनंबर दिला की वाचणारा आधी आपल्या दारावरचा नंबर आठवून बघतो. त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून बेतलेली. ती मी एका मे महिन्यात पडवीत कंदिलाच्या उजेडात काकूला मोठ्याने वाचून दाखवली. काकू आठळ्या सोलत होती. मी मधूनमधून आवाज खाली नेत होतो, थांबत होतो, सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं. मग तिला समजावून सांगितलं, की या परदेशी जातीच्या पिशाच्चाला घरातल्या माणसाने ‘ये’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही.

काकूचा हात थांबला. म्हणाली, “बोलावल्याशिवाय येत नाही? मग आपल्या पाव्हण्यांपेक्षा शहाणा की रे.”

रत्नाकर मतकरींचं प्रकरण निराळं. त्यांच्या गूढकथेत भूत असेलच असं नाही, पुष्कळदा शेजारचा माणूस पुरतो. मतकरी वीसएक वर्षं बँकेत नोकरीला होते हे पुढे कळलं तेव्हा बराच उलगडा झाला. काउंटरच्या एका बाजूला एवढी वर्षं बसल्यावर मनुष्यस्वभावाचं कुठलं अंग बघायचं राहिलं असेल? याच मतकरींनी मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं. त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी काही उभी केली, की पोरं आईबापांना ओढत तिला बघायला नेत. पाचव्या वर्षी चेटकीण हवीहवीशी वाटते आणि चाळिशीत खेकडाही नको होतो, एवढाच काय तो वाचकाचा विकास. (मतकरींची ‘खेकडा’ ज्यांनी वाचली आहे, त्यांनी बाजारात टोपलीसमोर आपण किती वेळ उभे राहू शकतो ते आठवावं.)

पण खरं सांगायचं तर मराठी माणसाच्या घरात यापेक्षा भयानक वाङ्मय देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात लाल फडक्यात बांधून ठेवलेलं असतं. शनिमाहात्म्यच घ्या. तात्याजी महिपतींनी रचलेली ही पोथी शनिवारी वाचायची. राजा विक्रमाने शनीची थट्टा केली, आणि लागली साडेसाती. परक्या गावात बिचाऱ्यावर हाराच्या चोरीचा आळ येतो. हार गेला कुठे? तर भिंतीवर रंगवलेला हंस जिवंत होऊन गिळतो. राजाचे हातपाय तोडले जातात आणि तो तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकतो. चित्रातला पक्षी मान बाहेर काढून दागिना गिळतो, ही कल्पना कुठल्याही परदेशी भयकथाकाराने गहाण ठेवून घ्यावी अशी आहे. आमच्याकडे ती आंघोळ करून, उदबत्ती लावून, घरातल्या बारक्या पोरांसमोर वाचतात आणि वर प्रसाद वाटतात. त्यानंतर कितीतरी दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या मोराकडे पाठ करून झोपत नसे.

गरुडपुराण त्याच्याही पुढे. ते घरात कोणी गेल्यावरच काढायचं, एरवी नाही, म्हणजे ऐकणारा आधीच अर्धमेला. मग गुरुजी सावकाश सांगू लागतात. यमदूत, वैतरणी, तलवारीच्या पानांचं असिपत्रवन, कढईत तळून काढणारा कुंभीपाक, रौरव, महारौरव. कोणत्या पापाला कोणती जागा, सगळी बैठकव्यवस्था ठरलेली. सुतकातली माणसं मेलेल्याला विसरून आपापला हिशेब करायला लागतात. आमच्या घरच्या एका अशा वाचनात काकूने मधेच विचारलं, “बांध कोरणाऱ्याला कुठला हो, गुरुजी?” समोर बसलेल्या शेजाऱ्यांपैकी दोघांनी पंचाने तोंड पुसलं. गुरुजी जाणते. गावात दोन्ही घरी त्यांची भिक्षुकी. त्यांनी चष्मा पुसला, पान उलटलं आणि वैतरणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

पोथीचं एक बरं असतं. तिच्यात पापी म्हणून जो कोणी असतो तो ‘जो कोणी’ असतो. पोस्टाने आलेला कागद तसा नसतो. त्यावर तुमचं नाव असतं.

एक काळ असा होता, की पंधरा पैशांच्या कार्डावर देव धमक्या देत. वर ‘जय संतोषी माता’ किंवा ‘श्री बालाजी प्रसन्न’, खाली मजकूर असा, की अमक्या गावी देवळात साप निघाला, तो माणसाच्या वाणीने बोलला आणि अदृश्य झाला. एका गृहस्थाने ही हकीकत हजार जणांना कळवली, त्याला लॉटरी लागली. दुसऱ्याने कार्ड फाडलं, तो आठ दिवसांत गेला. तिसऱ्याने ‘बघू’ म्हणून ठेवून दिलं, त्याची म्हैस गेली. तरी आपण ही पत्रे त्वरित एकवीस जणांना पाठवावीत. खाली सही नाही. पहिल्या दोघांचं सोडा, पण म्हैस म्हटल्यावर गावातला कुठलाही नास्तिक कार्डं विकत आणायला निघे. तात्या, म्हणजे माझे काका, देवधर्माच्या बाबतीत तसे सैल. तेसुद्धा रात्री बारीक अक्षरात एकवीस कार्डं लिहून काढत आणि सकाळी पोस्टाच्या पेटीत टाकत. मात्र ती त्यांनी कुणाला पाठवली हे पाहण्यासारखं असे. सगळे भाऊबंद. त्यातही ज्यांच्याकडे दुभती जनावरं आहेत, ते आधी.

पुढे देवांनी मोबाइल घेतला. आता दहा जणांना पाठवा, अकरा मिनिटांत शुभवार्ता कळेल, असं असतं. खर्च शून्य, त्यामुळे भीतीही तेवढीच. म्हैस तर कोणाकडेच राहिली नाही.

पोस्टाचा खरा दरारा होता तो दुसऱ्या दोन गोष्टींचा. पहिली, कोपरा फाडलेलं कार्ड. त्यावर ‘श्री’ नाही, कोपऱ्यात हळदकुंकू नाही, एक कोपरा मुद्दाम फाडलेला. मजकूर वाचायची गरजच नसे. पोस्टमनच्या हातात लांबून तो तुटका कोपरा दिसला की कळत असे, कोणीतरी गेलं. एकही अक्षर न वाचता वाचता येणारा असा मजकूर दुसऱ्या कुठल्या वाङ्मयात असेल असं वाटत नाही. वाचून झालं की ते कार्ड घरात ठेवायचं नाही, फाडून टाकायचं.

दुसरी गोष्ट, तार. तार इंग्रजीत. शब्दाला पैसे पडत, म्हणून त्यातून कर्ता, कर्म, माया, ममता सगळं काढून टाकलेलं. ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’. मराठीत एवढा घट्ट गद्यकार झाला नाही. तार आली की ती वाचायला मास्तरांना बोलवायला पोरगं धावे. मास्तर येईपर्यंत घरातल्या बायकांनी अंदाजाने गळा काढलेला असे. मास्तर चष्मा लावून वाचत, की मुंबईचा अमका मॅट्रिक पास झाला. तरी रडणं लगेच थांबत नसे, कारण सुरुवात झालेली असते आणि शेजारणी लांबून आलेल्या असतात.

तारेचा एक उलटा धंदाही होता. गिरणगावातल्या चाकरमान्याला गणपतीला किंवा शिमग्याला रजा मिळेनाशी झाली, की तो गावी कळवून ठेवी आणि इकडून तार सुटे, ‘मदर सीरियस’. खात्यातला साहेब ती तार वाचून काय ते समजे. कोकणातल्या आया भाद्रपदात आणि फाल्गुनात नेमाने अत्यवस्थ होत आणि पाडव्यापर्यंत खडखडीत बऱ्या होत. एकच मजकूर. पावसमध्ये आला तर घर हंबरडा फोडायचं, लालबागला आला तर साहेब जांभई द्यायचा. १५ जुलै २०१३ पासून सरकारने तारसेवाच बंद केली. तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळणारे लेख आले. ते लिहिणाऱ्यांच्या दारात कधी तारवाला आला नसावा.

वर्तमानपत्रांनीही आपापल्या परीने हातभार लावला आहे. १९६२ च्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत येणार, जगबुडी होणार, असं छापून आलं आणि देशभर होम पेटले. जग बुडालं नाही, तूप मात्र संपलं. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक कोसळणार होतं. सत्तर टनांवरचं धूड, कुठे पडेल ते कोणी सांगेना. रोज पेपरात नकाशा. आमच्या घरातल्या एका आजोबांनी आपलं अंथरूण पडवीतून उचलून माजघरात नेलं. माजघरावर कौलं होती. सत्तर टन अंतराळातून येऊन मंगलोरी कौल बघून परत फिरतील, अशी त्यांची समजूत असावी. ते धूड ११ जुलैला ऑस्ट्रेलियाच्या बाजूला पडलं. आजोबांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, “तिकडे हापूस नाही म्हणून बरं.”

हल्ली भीती लॅबमधून येते. जेरोम के. जेरोमचा नायक १८८९ साली वैद्यकाचा एक ग्रंथ चाळून आपल्याला एक सोडून सगळे रोग झाल्याची खात्री करून घेतो. त्याला निदान ग्रंथालयापर्यंत चालत जावं लागलं. आता रिपोर्ट फोनवर येतो आणि त्यात जे आकडे मर्यादेबाहेर, ते ठळक अक्षरांत. तात्या फक्त ठळक तेवढं वाचतात. सगळ्यात शेवटी एक इंग्रजी वाक्य असतं, की हे निष्कर्ष लक्षणांशी ताडून पाहावेत. त्याचा अर्थ डॉक्टरांना विचारायचा असतो. पण तात्या तो आधी गावात चौघांना विचारतात, आणि संध्याकाळपर्यंत तात्यांना काय झालंय हे तात्या सोडून सगळ्यांना समजलेलं असतं.

आता बाहेरगावचे लोक पावसला येतात ते यातलं काहीच वाचायला नाही. ते येतात स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमंदिरात. स्वामी इथलेच, रामचंद्र विष्णू गोडबोले, जन्म १९०३. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आले, १९३४ मध्ये मोठ्या दुखण्यातून उठले, आणि मग १९७४ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, इथल्याच एका घरातल्या एका खोलीत राहिले. ज्ञानेश्वरी त्यांनी अभंगात आणली. गाडीतून उतरणारी मुंबई-पुण्याची मंडळी अभंग ज्ञानेश्वरीची प्रत घेतात, डोळे मिटून बसतात, दुपारच्या खिचडीचा प्रसाद घेतात आणि उजळ चेहऱ्याने परत जातात. गावात वाचून धीर यावा अशी ही एवढी एकच जागा. म्हणून एप्रिल महिन्यात तात्याही रोज तिकडे जातात. त्यांना वाशीची पट्टी वाचायची असते.

पट्टी म्हणजे काय हे बागायतदाराला सांगावं लागत नाही, इतरांना सांगून कळत नाही. आपण आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात पाठवायच्या, तिकडच्या व्यापाऱ्याने त्या विकायच्या आणि काय भावाने गेल्या त्याचा कागद धाडायचा, ती पट्टी. पूर्वी पाकिटातून यायची, आता फोनवर फोटो येतो. पेट्या इतक्या, डझन इतके, दर इतका, वजा भाडं, वजा हमाली, वजा इतर. मुरलेला माणूस ती खालून वर वाचतो. आधी तळाचा आकडा, मग तो तसा का, याचा शोध. ‘आवक जास्त’, ‘माल नरम’, ‘उठाव नाही’ असे तीन-चार शब्द त्याबरोबर येतात आणि त्यावर काही बोलता येत नाही, कारण आंबा तोवर कोणीतरी खाल्लेला असतो. तात्या मंदिराच्या बाहेर पायरीवर बसतात, चपला बाजूला काढतात, आत बघून हात जोडतात आणि मग फोटो बोटांनी मोठा करतात. चेहऱ्यावरून गावाला दर कळतो.

या पट्टीची पूर्वतयारी डिसेंबरपासून चाललेली असते. हवामान खात्याचं एक वाक्य आहे, ‘आकाश अंशतः ढगाळ राहील आणि तुरळक ठिकाणी हलक्या सरी पडतील’. पुण्याचा माणूस हे वाचून भजी करायला सांगतो. पावसचा माणूस फवारणीचा पंप काढतो. ढग म्हणजे मोहरावर तुडतुडा, ढग म्हणजे भुरी, आणि हे सगळं चुकवून कैरी सुपारीएवढी झाली की फुलकिडे. औषधाच्या बाटलीची किंमत वाचावी की तिच्यावरचं कवटीचं चित्र बघावं, यात भयंकर काय ते माणसागणिक ठरतं. मग मे उजाडतो आणि फोनवर पिवळ्या, नारिंगी, लाल पट्ट्यांचा नकाशा. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ इथूनच किनाऱ्याला घासून गेलं. चार दिवस आधीपासून सगळा गाव ते नाव वाचायचा प्रयत्न करत होता. कोणी ताऊते म्हणे, कोणी टौकटे. नाव नीट म्हणता येईपर्यंत झाडावरचा आंबा खाली आला होता आणि त्याचा भाव कॅनिंगवाला किलोवर सांगत होता.

तरीसुद्धा, तरीसुद्धा म्हणतो मी, पट्टी दरवर्षीची. पुढच्या मोहराला माणूस तिला विसरतो. कोकणात जो कागद वाचून माणूस कायमचा बदलतो, तो म्हणजे सातबारा.

सातबाऱ्यात गोष्ट नाही, वर्णन नाही, संवाद नाहीत; नुसती नावं. आणि त्यातली बरीचशी मेलेली. पणजोबा आहेत, पणजोबांचे दोन भाऊ आहेत, लग्न होऊन हेदवीला दिलेली आत्या आहे, एक निपुत्रिक चुलतआजोबा आहेत. ही सगळी मंडळी जाऊन जमाना झाला, पण त्यांच्या नावाला ते कमी केल्याचा कंस झालेला नाही. तलाठ्याच्या लेखी ती अजून पडवीत बसलेली आहेत. शाळामास्तरांनी साहेबाला समंधाची जी व्याख्या लिहून पाठवली, ती त्यांनी तलाठ्याचं दप्तर बघूनच लिहिली असावी अशी माझी खात्री होत चालली आहे. आमचे एक काका नावापुढे ‘अ.पा.क.’ घेऊन आहेत. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. वारस नोंदीच्या वेळी काका अज्ञान होते, म्हणून त्यांच्या आईचं नाव पालनकर्ती म्हणून लागलं. काका नातवंडं-पतवंडं बघून वारले. सरकारदरबारी ते अजून सज्ञान व्हायचे आहेत.

त्यात तो ‘इतर हक्क’ नावाचा रकाना. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, १९५७ च्या १ एप्रिलला कसणारी कुळं कायद्याने मालक झाली, गावोगावच्या जमिनींचे धनी बदलले. त्या सगळ्या उलथापालथीचा गाळ या रकान्यात बसला आहे. तिथे कधीचं तरी सोसायटीचं बोजा-प्रकरण आहे, कुणाचा तरी वहिवाटीचा रस्ता आहे, आणि विहिरीच्या पाण्यात अमक्याचा चार आणे हिस्सा आहे. विहीर बुजून पंचवीस वर्षं झाली. हिस्सा जिवंत आहे.

पूर्वी हा कागद बघायला चावडीवर जावं लागे, त्यामुळे घबराट आटोक्यात होती. आता तो संगणकावर आला. बोरिवलीचा चुलतभाऊ रात्री दीड वाजता अंधारात मोबाइलच्या निळ्या उजेडात सातबारा वाचतो. त्याला सत्त्याऐंशी नावांत आपलं नाव सापडत नाही. तो घाबरतो आणि नाशिकच्या चुलतबहिणीला पाठवतो. तिला तिचं सापडतं, पण शेजारी एक अनोळखी नाव सापडतं. ती मेलबर्नच्या भाच्याला उठवते. पहाटेपर्यंत दोन खंडांत एक घराणं जागं असतं आणि सकाळी सात वाजता पावसमध्ये तात्यांचा फोन वाजतो. “तात्या, ही पार्वतीबाई कोण?” तात्यांनाही ठाऊक नसतं. पण ते मान्य करायचं नाही एवढं त्यांना ठाऊक असतं.

गेल्या मे महिन्यात मुंबईची पोरं आली होती. आजीला एकदा तरी घाबरवायचं असा चंग बांधून त्यांनी रात्री पडवीत टीव्हीवर ‘तुंबाड’ लावला. २०१८ चा सिनेमा. त्याचं बीज धारपांच्याच ‘आजी’ या कथेत आहे, ती कथाही स्टीफन किंगवरूनच आलेली, आणि तुंबाड हे गाव आपल्याच जिल्ह्यात, खेडकडे, जगबुडीच्या काठी, श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ तिथलीच. हे सगळं मी पोरांना सांगायला गेलो, पण पोरांनी मला गप्प बसवलं. दिवे घालवले. बाहेर सुदैवाने पाऊसही सुरू झाला. साखळदंडाने बांधलेली ती म्हातारी आली, तो ओसाड वाडा आला, गर्भगृहातला तो लालभडक हस्तर आला, आणि पिढीदरपिढी जीव धोक्यात घालून सोन्याच्या मोहरांसाठी आत उतरणारी ती माणसं आली. मुलं एकमेकांना चिकटून बसली. धाकट्याने उशी डोळ्यांवर घेतली. काकू कोकमं निवडत शेवटपर्यंत बघत होती.

सिनेमा संपला. थोरल्या नातवाने दिवा लावला आणि विचारलं, “आजी, भीती नाही वाटली?”

“भूत बरं होतं हो,” काकू म्हणाली. “पण एवढा वाडा, आत एवढं सोनं, आणि मागायला येणारा हिस्सेदार एकच? चुलते कुठायत त्याचे? बहिणींची नावं लागली नाहीत?”

तात्या आरामखुर्चीत पेंगत होते. डोळे न उघडता म्हणाले, “अज्ञान असतील.”

“मग मोठे झाले की येतील,” काकू म्हणाली, आणि कोकमाचं सूप उचलून आत गेली.